रेषेखालची नदी

४ मार्च, सोमवार

आज सकाळी देवाचं नाव घेऊन घरातून निघालो, पुलावर गेलो, खांबावरच्या पट्टीवर पाणी कुठं टेकलंय ते वाचलं, आणि आकडा लिहून कचेरीत जायचं सोडून कठड्याला टेकून तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आकडा वाचला की माझं आणि नदीचं त्या दिवसापुरतं बोलणं संपतं. आज संपलं नाही. म्हणून ही दैनंदिनी सुरू करतो आहे.

दोन्ही काठ हिरवेगार आहेत. गेल्या वर्षी पाऊस सरासरीइतका झाला असं हवामानवाले म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तो सगळा थोडक्या दिवसांत कोसळला आणि वाहून गेला. जमिनीत मुरायला त्याला सवडच मिळाली नाही. उन्हाळ्यात नदीत जे पाणी असतं ते ढगातलं नसतं, जमिनीनं पोटात ठेवून थोडं थोडं सोडलेलं असतं. यंदा पोटात काही नाही, आणि चेहरा मात्र तुकतुकीत. याला आमच्या खात्यात जलशास्त्रीय दुष्काळ म्हणतात. म्हणजे म्हणतील. नक्की केव्हा म्हणायचं ते ठरवायला उद्या समिती बसते आहे, आणि साहेबांनी मलाही बोलावलं आहे. नदी मी मोजतो, रेडिओवरच्या सकाळ-संध्याकाळच्या जलवार्तेच्या चार ओळीही मीच लिहितो, पण समितीत बसायची ही पहिलीच वेळ.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी कमी आहे हे ठरवायला समिती कशाला? मला विचारा."

म्हटलं, "वाटणं वेगळं, व्याख्या वेगळी."

"बरं. व्याख्या येईपर्यंत नळ जरा बारीक सोडा."

५ मार्च, मंगळवार

समिती झाली. मला भिंतीकडेची खुर्ची मिळाली, पण शेवटी माझाच शब्द टेबलावर गेला. तो असा.

रेषा ठरवायला वेळ लागला नाही. जुन्या वर्षांचे आकडे काढून, प्रवाह अमुक इतक्या खाली गेला की तो रेषेखाली, एवढं सगळ्यांना मान्य झालं. भांडण पुढे. रेषेखाली गेला की लगेच दुष्काळ म्हणायचं का? एकजण म्हणाले, लगेच. दुसरे म्हणाले, कधीच नको. साहेब छताकडे बघत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, एक दिवस नदी खाली गेली म्हणून आरडाओरडा केला आणि दुसऱ्या दिवशी ती वर आली, तर पुढच्या वेळी आपल्याला कोण विचारील? तेव्हा सलग महिनाभर रेषेखाली राहिली तरच दुष्काळ म्हणावं. मध्ये एक दिवस जरी तुटला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सलग! हाच शब्द मला सापडत नव्हता." नंतर चहा येईपर्यंत ते तो शब्द तोंडात घोळवत होते.

दुष्काळ जाहीर झाला की तीन गोष्टी आपोआप होणार: शहराला पाळीनं पाणी, नदीकाठच्या बागेतलं नवं कारंजं बंद, आणि मासे पाळणाऱ्यांना आपले मासे वरच्या तळ्यात हलवायची परवानगी. वरचं तळं राखीव आहे. एरवी तिथं कुणाला बोटही बुडवू देत नाहीत.

निघताना साहेबांनी विचारलं, "कारंज्याचं उद्घाटन मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर सलग महिना भरेल का हो?"

मी म्हटलं, "ते देवाच्या हाती."

"देवाच्या आणि तुमच्या," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

१० मार्च, रविवार

ताईकडे गेलो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सायकल, पोहणं आणि खोटं बोलल्यावर मार खाणं या तिन्ही गोष्टी मी तिच्याकडून शिकलो. ती आणि दाजी मत्स्यबीज तयार करतात: मोठे मासे अंडी देतात, त्यातून पिल्लं, पिल्लांची बोटाएवढी बोटुकली, आणि ती बोटुकली आसपासची तळीवाली माणसं घेऊन जातात. बोटुकली दर वर्षी नवी होतात. मोठे मासे तसे नाहीत. ते तिनं एकेक निवडून, वर्षानुवर्षं वाढवून आणलेत. त्यातले काही तिला ओळखतात असं ती म्हणते. दाजी म्हणतात, "मला नाही ओळखत अजून."

तिच्या तळ्यांना नदीच्या पाटाचं पाणी येतं. पाट निम्म्यावर आलाय. तिनं काठावर उभं करून दाखवला.

"तुझी कचेरी कधी बोलणार, बाबू?"

मी व्याख्या समजावून सांगितली.

"आणि ही रेषा कुठं असते?"

"कागदावर."

"मग माझ्या माशांना सांगून जा, की तोवर कागदावर पोहा."

दाजी हसले. मी तिला म्हटलं, तू माझी बहीण आहेस म्हणून मला उलट जास्त जपायला हवं. उद्या कुणी म्हणायला नको, तळं राखील तो पाणी चाखील.

"चाखण्याइतकं राहू तर दे," ती म्हणाली. पण जेवायला आग्रहानं वाढलं. मनात राग ठेवत नाही ती.

१९ मार्च, मंगळवार

आज प्रवाह रेषेखाली गेला. पहिला दिवस.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, रोज सकाळी तक्त्यात भरण्याआधी मला फोन करत जा. एवढा मोठा माणूस, पण नदीची किती काळजी! पूर्वी महिन्याचा अहवालसुद्धा त्यांच्या टेबलावर तसाच पडलेला असायचा.

संध्याकाळी घरी आलो तर गच्चीवर दोन नवी पिंपं. बायको म्हणाली, स्वस्तात मिळाली.

३ एप्रिल, बुधवार

निम्मा महिना सलग झाला. साहेबांनी बाहेरून एक बाई आणल्या आहेत. त्यांचं काम लोकांना पाण्याबद्दल कोणत्या शब्दांत सांगावं हे ठरवणं. कचेरीत सगळे त्यांना शब्दवाली म्हणतात. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तीच पाटी करून टेबलावर ठेवली. वय तिशीच्या आसपास, मला काका म्हणतात.

त्यांनी शहरात फिरून माणसांना शब्द ऐकवले. 'दुष्काळ' म्हटलं की माणूस घाबरतो आणि पाणी जपतो. 'घट' म्हटलं की अर्धवट ऐकतो. 'समाधानकारक' म्हटलं की काहीच करत नाही, रेडिओ तसाच चालू ठेवून आपल्या कामाला लागतो. हे सगळं त्यांनी साहेबांपुढं मांडलं आणि साहेबांनी शेवटचा शब्द निवडला.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, मी तो शब्द वापरू नका म्हणून दाखवला होता."

"मग तुम्ही तसं बोलला का नाहीत?"

"बोलले की. ते म्हणाले, अहवाल उत्तम आहे."

साहेबांना त्यांची दुसरीही सूचना आवडली. जलवार्ता निवेदिकेऐवजी नदी मोजणाऱ्या माणसानं स्वतः वाचावी. लोकांचा विश्वास बसतो. माझा आवाज ऐकून बघितला गेला. साहेब म्हणाले, "हा आवाज खोटं बोलूच शकत नाही. हाच हवा." उद्यापासून मी वाचणार.

घरी सांगितल्यावर बायकोनं विचारलं, "लिहिणार पण तुम्हीच ना?"

"हो. शेवटचा शब्द साहेब घालतील."

११ एप्रिल, गुरुवार

आज पाणी पट्टीच्या खाली गेलं.

पट्टी खांबावर जिथं संपते तिथं शून्य आहे, आणि त्याच्या खाली ओला दगड. पाणी त्या दगडाच्याही खाली होतं. असा दिवस येईल असं पट्टी ठोकणाऱ्याला वाटलं नसावं. कचेरीतला संगणक शून्याखालचा आकडा घेत नाही; लाल होतो आणि वाजतो. साहेबांना फोन केला.

"शून्य लिहू का?"

"छे! शून्य म्हणजे नदीच नाही. नदी आहे ना?"

"आहे. खाली आहे."

"किती खाली?"

"पट्टीवर कळत नाही."

"मग झालं. जे डोळ्यांना दिसत नाही ते लिहायचं नाही, हे तुमच्या गावच्या गुरुजींचंच ना? तुम्हीच सांगितलं होतं एकदा."

होतंच. म्हणून मी लिहिलं: नोंद नाही.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज जड केला होता. "वाईट वाटतं सांगायला. नोंद नाही म्हणजे सलग तुटलं. मोजणी पहिल्यापासून." मी म्हटलं, नियम माझाच आहे, मी काय बोलणार. ते म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं चाललंय."

आज वाचून झाल्यावर दोन पेले पाणी प्यालो.

१५ एप्रिल, सोमवार

पाणी पट्टीखालीच आहे. रोज नोंद नाही. म्हणजे मोजणी पहिल्या दिवसावरसुद्धा येत नाही. पहिला दिवस उजाडायला नदी थोडी वर यायला हवी. नदी इतकी खाली गेली आहे की तिला आता दुष्काळ लागू होत नाही.

आठवड्याची सरासरी काढली. संगणक फक्त नोंद असलेले दिवस धरतो. वाईट दिवस सगळे गळाले, त्यामुळे सरासरी नदीपेक्षा बरी आली. साहेबांनी अभिनंदन केलं. कुणाचं, ते मला कळलं नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. शहराच्या टाकीवरचा माणूस तक्रार घेऊन आला. म्हणाला, "तुमची जलवार्ता झाली की अर्ध्या तासात टाकी खडखडाट! सगळे नळ एकदम सुटतात. तुम्ही वाचता काय तिथं, 'सोडा पाणी' असं?"

मी त्यावर बराच विचार केला. माझं मत असं झालं की समाधानकारक ऐकल्यावर लोक निर्धास्त होतात आणि हात सैल सोडतात. तसा दोन पानी अहवाल साहेबांना दिला. साहेब खूश. "जनतेचा विश्वास मोजता येतो, हे तुम्ही सिद्ध केलंत."

घरी बायको आणि शेजारच्या काकू गच्चीवर पिंपांना झाकणं बसवत होत्या. आमच्या घरचा वापरसुद्धा वाढलाय. मी बोललो तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

१८ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. पण लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहायला हवं.

ताई कचेरीत आली. पाट आटला. तिनं आणि दाजींनी मोठे मासे सगळ्यात खोल तळ्यात एकत्र केले आहेत, आणि तिथं ते पाठीला पाठ लावून उभे आहेत, तोंडं वर करून. तळ्याच्या रखवालदाराकडे ती जाऊन आली. तो म्हणाला, बाई, जाहीर होऊ द्या, मी स्वतः दार उघडतो; त्याआधी माझी नोकरी जाईल.

ती माझ्या टेबलापाशी उभी होती तेव्हा साहेब आले. "कोण या?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मासेवाल्या आहेत. वरच्या तळ्याची चौकशी करायला आल्यात."

का म्हटलं? माझ्या मनात एवढंच होतं की बहीण म्हटलं तर उद्या खरा दुष्काळ जाहीर झाला तरी लोक म्हणतील, बहिणीसाठी केला. मी तिचंच भलं बघत होतो. निदान तेव्हा तसं वाटलं.

साहेब म्हणाले, "यांचं काही नातं वगैरे...?"

"छे हो," ताई म्हणाली. "यांच्याकडे माझी काही नोंद नाही."

साहेब गेले. ती जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. "तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, बाबू. आणि ओतायला पाणी तरी राहिलंय कुठं?"

एरवी इकडे आली की जेवायला थांबणारी ती आज घरीसुद्धा आली नाही. निदान मला तरी दिसली नाही; ओट्यावर तीन पेले पालथे होते.

२३ एप्रिल, मंगळवार

सकाळी देवापुढे बसलो होतो, तेव्हा गच्चीवरून आवाज आला. काहीतरी पाण्यात जोरात आपटल्यासारखा. वर गेलो. मोठ्या पिंपावर ओलं फडकं आणि त्यावर झाकण. शेजारच्या काकूंच्या गच्चीवरही तसंच एक पिंप, आणि त्यापलीकडे आणखी एक. मी झाकणाला हात लावणार तोच बायको मागून म्हणाली, "उघडू नका."

"काय आहे?"

"पाणी."

"पाणी उड्या मारतं?"

"उन्हानं मारतं."

मी हात मागे घेतला. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मला माहीत नाही. जिना उतरताना लक्षात आलं की हे वाक्य मी साहेबांच्या आवाजात म्हटलं.

दाजी हल्ली सकाळी आमच्याकडे येतात. येताना सायकलचा पंप आणतात आणि गच्चीवर जातात. आमच्याकडे सायकल नाही.

२८ एप्रिल, रविवार

आज बायकोशी भांडलो. निमित्त साधं होतं. मी म्हटलं, मी रोज रेडिओवर समाधानकारक म्हणून सांगतो आणि माझ्याच घरात सात पिंपं भरलेली. लोक काय म्हणतील?

ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "लोक काही म्हणत नाहीत. लोकही भरतात."

"का?"

"तुम्ही थांबता म्हणून."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं ते असं. मी सगळं नीट वाचतो, पण 'समाधानकारक' या शब्दाआधी थांबतो. पहिल्या दिवशी थोडा थांबलो होतो. पट्टीखाली पाणी गेलं त्या दिवशी इतका थांबलो की शेजारच्या काकूंना वाटलं रेडिओ बिघडला. तेव्हापासून गल्लीतल्या बायका शब्दाकडे लक्षच देत नाहीत. थांबणं मोजतात. जास्त थांबलो की सगळी भांडी भरायची. "आता तर गावभर माहीत आहे. टाकीवाल्याची बायकोसुद्धा भरते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबणं सुधारलं असतं."

मी ज्याला जनतेचा विश्वास म्हणून दोन पानं लिहिली तो खरोखर विश्वासच होता. फक्त मी म्हणत होतो त्यावर नव्हता.

मग तिनं कणकेचे हात धुतले, वाटीभर पाण्यात, आणि म्हणाली, "पिंपात मासे फार दिवस राहत नाहीत. दाजी रोज हवा मारतात, तरी काल दोन गेले. ताईंनी स्वतः काढले. रडल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली."

हे ऐकल्यावर मला माहीत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

२ मे, गुरुवार

कारंज्याचं उद्घाटन उद्या संध्याकाळी आहे. साहेबांनी उद्याच्या दोन्ही जलवार्ता आजच पाठवल्या, शेवटच्या शब्दासकट. नदी उद्याची, पण वार्ता आजच तयार.

दुपारी पुलावरून खाली उतरलो. एवढी वर्षं वरून वाचलं, खाली कधी गेलो नव्हतो. चिखलातून खांबापाशी पोचलो आणि पट्टीच्या शून्यापासून पाण्यापर्यंत शिंप्याची फीत धरली. बायकोच्या डब्यातून आणली होती. मोजमाप कठीण नव्हतं. पहिल्या दिवशीसुद्धा करता आलं असतं. त्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, किती खाली? आणि मी म्हटलं होतं, पट्टीवर कळत नाही. दोघांनाही ते उत्तर पुरलं.

शब्दवाली वर पुलावर उभ्या होत्या. बागेच्या फलकावरची अक्षरं तपासायला आल्या होत्या. मला चिखलातून वर यायला हात दिला.

"किती निघालं, काका?"

सांगितलं.

"कुठं लिहिणार? संगणक घेत नाही."

"तेच बघतोय."

त्या म्हणाल्या, "मी उद्यापर्यंतच आहे इथं. काम संपलं म्हणे. लोक घाबरले नाहीत."

संध्याकाळी देवापुढे बसलो. काही मागता येईना. पाऊस मागितला तर तो सगळ्यांसाठी मागतोय की माझी सुटका व्हावी म्हणून, हे मलाच सांगता आलं नसतं. शहाणपण मागावं, तर ते मिळाल्यावर पुढे काही सबब उरत नाही. शेवटी नुसतं नाव घेऊन उठलो.

३ मे, शुक्रवार

सकाळी रेडिओ केंद्रावर गेलो. लाल दिवा लागला. साहेबांचा कागद समोर होता. मी त्यावरची पहिली ओळ वाचली, तारीख आणि वार. पुढचं कागदावर नव्हतं. मी म्हटलं: "पुलाखाली पाणी पट्टीच्या शून्यापासून दीड हात खाली आहे. तीन आठवडे ते शून्याच्या खालीच आहे. याला दुष्काळ म्हणतात. पाणी जपून वापरा. वरचं तळं मासे हलवण्यासाठी उघडं आहे." घाईनं बोललो. शेवटचं वाक्य तर जवळजवळ गिळलं.

घरी पोचलो तेव्हा गच्चीवरून पिंपं उतरत होती. दाजी, शेजारच्या काकू, त्यांचे यजमान, सगळे जिन्यात. कुणीतरी टँकर आणला होता. ताई खाली उभी राहून ओरडत होती, "हळू! बाळंतिणीसारखं धरा!" मला पाहिल्यावर एवढंच म्हणाली, "बाबू, त्या बाजूनं धर." मी धरलं.

रखवालदारानं रेडिओ ऐकला होता. लेखी कागद मागितला नाही. रेडिओवर सांगितलं म्हणजे जाहीरच, असं तो म्हणाला, आणि दार उघडलं. पिंपांतले मासे दुपारपर्यंत तळ्यात गेले. पण हे थोडे होते. खोल तळ्यातले, पाठीला पाठ लावून उभे असलेले, ते बाकी होते, आणि टँकरला अजून फेऱ्या मारायच्या होत्या. अंधार पडेपर्यंत काम चालेल असं दाजी म्हणाले. त्यांच्याकडून मी एकाच वेळी इतके शब्द प्रथमच ऐकले.

दुपारी साहेबांचा फोन. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"अहो, झालं ते झालं. आवाजात सच्चेपणा आहे तुमच्या, त्याचाच हा त्रास. संध्याकाळी तुम्हीच दुरुस्त करा. जुना कागद हातात आला, असं म्हणा. जुना दुष्काळ, गैरसमज, दिलगिरी. नवा मजकूर पाठवतोय. उद्घाटनाच्या आधी वाचून टाका म्हणजे मोकळे झालात."

"साहेब, व्याख्येप्रमाणे..."

"व्याख्येप्रमाणे दुष्काळ नाही. व्याख्या तुमचीच. तुमच्याच व्याख्येविरुद्ध तुम्ही गेलात, हे मी वर कळवलेलं नाही अजून." मग पुन्हा मऊ. "रखवालदाराला सांगितलंय, संध्याकाळची वार्ता ऐक, आणि दुरुस्ती आली की दार लाव."

तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. सकाळचं चूक म्हणता येत होतं. मलाही. जुना कागद होता, घाई झाली, घसा बसला होता. साहेबांनी वाट नीट झाडून ठेवली होती. त्या वाटेनं गेलो असतो तर अर्धे मासे आत, अर्धे बाहेर, आणि माझी नोकरी जागच्या जागी.

बायकोनं डबा भरून दिला. मी म्हटलं, तासाभरात येतो, डबा कशाला? ती म्हणाली, "साहेबांनी बोलावून घेतलं तर उशीर होईल. उपाशी उत्तरं देऊ नका."

केंद्रावर नवा मजकूर आलेला होता, टंकलेखन सुबक. निवेदिकेनं पाण्याचा पेला ठेवला. खिडकीतून बाग दिसत होती. माणसं जमली होती, कारंज्याभोवती फीत बांधलेली. वरच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकर चढताना दिसला, हळूहळू, सांडू नये म्हणून.

लाल दिवा लागला. मी साहेबांचा कागद पालथा ठेवला आणि सकाळचंच पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द: शून्याच्या खाली दीड हात, तीन आठवडे, दुष्काळ, पाणी जपून वापरा. सकाळी घाईत गिळलेलं, वरचं तळं उघडं असल्याचं शेवटचं वाक्य या वेळी सावकाश म्हटलं. मग माझं पद सांगितलं, आणि मोजमाप मी स्वतः खाली उतरून केलं आहे, हेही सांगितलं.